आधी कारण, मग तेल

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात विश्वस्त, देणगीदार व रुग्णांचे नातेवाईक यांच्यासमोर रुग्णालय प्रशासनाच्या वतीने झालेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावरून आम्ही जमाखर्चाचे निवेदन करतो. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर असल्याने आकडे हाच आमचा प्रांत. यंदा मात्र अध्यक्षमहोदयांनी सुचविले की, आकडे अहवालात छापलेलेच आहेत. तेव्हा केसपेपरच्या खिडकीशी जी तक्रार लोक सर्वांत हळू आवाजात सांगतात, तिच्याविषयी बोलावे. ती तक्रार म्हणजे केस गळणे. आमच्या मस्तकाकडे पाहता या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार कितपत आहे, हे आपण जाणताच. यास्तव पुढे जे सांगणार आहोत, ते आमच्या आयुर्वेद विभागातील वैद्यांकडून व त्वचारोगतज्ज्ञांकडून समजून घेतलेले आहे. त्यात चूक आढळल्यास ती आमची समजावी.

प्रारंभ जिल्ह्याबाहेरच्या एका घटनेने करतो. शेगाव आपल्याला परके नाही. आषाढी वारीसाठी शेगावहून निघणारी श्री गजानन महाराजांची पालखी दरवर्षी धाराशिव-तुळजापूरवरूनच पंढरपूरकडे जाते, आणि तिच्या वाटेवर आपल्यापैकी अनेकांनी पाण्याचे पेले भरून दिले आहेत. त्याच शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून एक चमत्कारिक प्रकार सुरू झाला. आधी डोक्याला खाज सुटे, मग केस मुठीने हातात येत, आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडे. त्यात लहान मुले होती, महाविद्यालयात जाणाऱ्या मुली होत्या, वृद्धही होते. जानेवारी २०२५ सरता सरता बाधितांची संख्या तीनशेच्या आसपास पोहोचली. वर्तमानपत्रांनी त्याला 'टक्कल व्हायरस' म्हटले, आणि विषाणू सापडण्यापूर्वीच त्याचे नाव सर्वतोमुखी झाले. संशय प्रथम पाण्यावर गेला, कारण काही नमुन्यांत नायट्रेटचे प्रमाण अधिक निघाले. नंतर बुरशीवर गेला. शाम्पूवरही गेला, पण आयुष्यात शाम्पू न लावलेल्या माणसांचेही केस गळालेच होते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे पथक आले आणि रक्ताचे, पाण्याचे, केसांचे नमुने गेले.

फेब्रुवारी २०२५ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी आपल्या अभ्यासाचे निष्कर्ष मांडले. हे मूळचे आपल्याच मराठवाड्यातील, जालना जिल्ह्यातील. महाडला राहून विंचूदंशावरील उपचारासाठी त्यांनी केलेले काम जगभर मान्य झाले आहे, आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ते बाधितांच्या घरी गेले आणि त्यांनी पिठाचा डबा पाहिला. रेशनवर आलेल्या, पंजाबातून आणलेल्या गव्हात सेलेनियम या मूलद्रव्याचे प्रमाण स्थानिक गव्हाच्या सुमारे सहाशे पट असल्याचे त्यांच्या अहवालात नमूद आहे. बाधितांच्या रक्तात ते ३५ पट, तर केसांत १५० पट आढळले, आणि जस्ताचे प्रमाण मात्र घटलेले होते. सेलेनियम शरीराला लागते, परंतु अगदी सूक्ष्म मात्रेत; मात्रा ओलांडली की केस व नखे गळू लागतात. पंजाबातील होशियारपूर व नवांशहर भागातल्या काही जमिनी सेलेनियमयुक्त आहेत, हे कृषिशास्त्रज्ञांना पूर्वीपासून ठाऊक होते. एप्रिल २०२५ मध्ये त्याच शेगाव परिसरातून नखे गळाल्याच्या तक्रारीही आल्या. तो गहू खाणे थांबविलेल्या काही जणांचे केस पाच-सहा आठवड्यांत पुन्हा दिसू लागले होते.

त्या दिवसांत त्या गावांतील मुलींनी शिक्षण अर्ध्यावर टाकले, काहींची ठरलेली लग्ने मोडली. गावाचे नाव सांगताच समोरचा दोन पावले मागे सरके. आणि या सगळ्यात त्यांचा अपराध काय, तर सरकारमान्य दुकानातून मिळालेल्या गव्हाची पोळी त्यांनी खाल्ली. त्या दिवसांत उत्तमातील उत्तम माक्याचे तेल घरोघर फुकट वाटले असते, तरी ताटात तीच पोळी असेपर्यंत त्याचा कणभरही उपयोग झाला नसता.

केस गळू लागले की आपल्याकडे पहिला प्रश्न 'तेल कोणते लावू?' असाच येतो. आम्हीही याला अपवाद नव्हतो. पदवीच्या शेवटच्या वर्षी आम्हांस टायफॉइड झाला. ताप गेला, परीक्षा झाली, आणि तीन महिन्यांनी उशी केसांनी भरू लागली. वडिलांनी दूरच्या गावाहून एका जाणकाराकडून तेलाची बाटली आणविली. चार महिने ते तेल आम्ही भक्तिभावाने लावले, आणि केस परत आले. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षे त्या तेलाची स्तुती आम्ही भेटेल त्याच्याजवळ करीत होतो. या रुग्णालयात रुजू झाल्यावर एकदा आमच्या वैद्यांसमोरही ती केली. त्यांनी शांतपणे विचारले, "साहेब, तेल न लावता केस आले नसते, हे आपण कसे ठरविले?" हिशेबाच्या माणसाला असा प्रश्न स्वतःलाच सुचायला हवा होता.

त्यांनी मग जे समजावून सांगितले ते असे. माणसाच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. प्रत्येक केसाचा वाढीचा काळ दोन ते सहा वर्षे, त्यानंतर सुमारे तीन महिने विश्रांती, आणि मग तो गळून त्याच मुळातून नवा केस. या नियमाने निरोगी माणसाचेही दररोज ५० ते १०० केस गळतात. मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया, रक्तस्राव, कडक उपास किंवा मोठे दुःख असा आघात शरीरावर झाला की पुष्कळसे केस एकाच वेळी विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदमच गळतात. कारण मधल्या काळात विसरलेले असते, म्हणून माणूस कालच्या साबणाला दोष देतो. २०२० व २०२१ मध्ये करोनातून बरे झालेल्या कित्येकांनी हा अनुभव घेतला. अशी गळती सहा महिन्यांच्या आसपास आपोआप थांबते. तेलाची बाटली तोवर संपत आलेली असते, आणि श्रेय तिला जाते.

परंतु सर्वच गळती अशी आपोआप थांबणारी नसते, आणि आपल्या भागातील स्त्रियांच्या बाबतीत तर विशेषच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९ ते २०२१ या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. नीती आयोगाने आकांक्षित म्हणून निवडलेल्या महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांत आपला जिल्हा आहे. येथे ऊसतोडीला सहा महिने बाहेर राहणारी कुटुंबे आहेत, आणि घरात सर्वांत शेवटी जेवणारी बाई तर प्रत्येक गावात आहे. शरीराजवळ लोह आणि प्रथिने अपुरी असली की ते हृदय, मेंदू, स्नायू यांना आधी पुरविते. केसांची पाळी शेवटची. कंठग्रंथीचे, म्हणजे थायरॉइडचे विकार हेही स्त्रियांत वारंवार आढळणारे कारण. पुरुषांमध्ये कपाळाच्या दोन बाजूंनी व टाळूवर केस विरळ होत जातात, ते बहुतांशी आनुवंशिक. त्यांना आम्ही सहानुभूतीपलीकडे फारसे काही देऊ शकत नाही, आणि ती स्वानुभवाची आहे. त्यांच्यासाठी आधुनिक शास्त्रात औषधे आहेत, पण ती सुरू ठेवावी लागतात, आणि डॉक्टरांना विचारल्याखेरीज घेऊ नयेत. लहान मुलांच्या डोक्यावर खपली धरून केस तुटत असतील तर ते बहुधा गजकर्ण असते. त्याला पोटातून औषध लागते, आणि तेल चोळत बसल्याने ते भावंडांत पसरायला वेळच मिळतो.

तुळजापूरला जावळ काढण्यासाठी येणाऱ्या कुटुंबांतील आजीबाई हमखास विचारतात की, दोन-तीनदा वस्तरा फिरविला म्हणजे पोराचे केस दाट येतील ना? जावळ हा कुळाचार आहे, तो श्रद्धेने करावा. दाटपणाशी मात्र त्याचा संबंध नाही. केसाचे मूळ कातडीच्या आत असते आणि वस्तरा कातडीच्या वर फिरतो.

आता आयुर्वेदाकडे येतो. आपल्या शहरात शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे आणि या शास्त्राविषयी येथे जुना आदर आहे, म्हणून अधिक जपून बोलणे आले. आमची समजूत होती की, आयुर्वेद म्हणजे तेलांची यादी. वैद्यांनी ती दूर केली. चरक व सुश्रुत दोघेही आधी कारणच सांगतात. केस हा अस्थिधातूचा मल मानला आहे. म्हणजे केसाचा विचार अन्नाच्या पचनापासून आणि धातूंच्या पोषणापासून सुरू होतो. सुश्रुताच्या वर्णनानुसार वाताबरोबर बिघडलेले पित्त रोमकूपांत शिरून केस पाडते, आणि मग रक्तासह कफ ती छिद्रे बंद करतो, त्यामुळे तेथे नवा केस उगवत नाही. सर्वसाधारण केस गळण्याला खालित्य, चट्ट्याने जाणाऱ्या केसांना इंद्रलुप्त, कोंड्याला दारुणक, अकाली पिकण्याला पालित्य अशी वेगवेगळी नावे आहेत, आणि नावे वेगळी म्हणून उपचारही वेगळे. चरकाने विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात क्षार आणि मीठ यांच्या अतिसेवनाने खालित्य-पालित्य येते असे सांगून, तसे खाणाऱ्या प्रदेशांची नावेसुद्धा दिली आहेत. त्याचे अनुमान आजच्या कसोटीवर कितपत उतरते हा तज्ज्ञांचा विषय. आम्हांस भावली ती त्याची पद्धत. लोकांचे केस का जातात हे शोधण्यासाठी त्या ग्रंथकाराने त्यांच्या ताटाकडे पाहिले होते.

म्हणून आमच्या आयुर्वेद विभागात पहिल्या भेटीत तेल मिळत नाही, याचा काही रुग्णांना राग येतो. वैद्य प्रथम भूक, झोप, मलप्रवृत्ती, पाळी, मागील सहा महिन्यांतील आजार विचारतात आणि हिमोग्लोबिन व आवश्यकतेनुसार थायरॉइडची तपासणी लिहून देतात. 'वैद्य असून रक्त कशाला तपासता?' असे विचारणारे भेटतात. पांडुरोग किती आहे हे आकड्यात कळले तर वैद्यालाही हवेच असते. पांडू असेल तर मंडूर किंवा लोहाचे कल्प अथवा साध्या लोहाच्या गोळ्या, ज्वारीच्या भाकरीबरोबर डाळ, हुलगा, शेंगदाणे, पालेभाजी, वर लिंबू, आणि जेवल्याबरोबर चहा बंद. चहा बंद करणे हे यांतील सर्वांत अवघड औषध ठरते.

यानंतर तेलाची पाळी. नित्य शिरोभ्यंगाची महती चरकाने सांगितली आहे, आणि तेलाने केस कमी तुटतात, टाळू कोरडी पडत नाही, झोप चांगली लागते, हा अनुभव आहे. आमच्याकडे माक्याचे तेल रुग्णालयातच सिद्ध केले जाते. माका विकत आणावा लागत नाही; ओढ्याच्या काठी, पाटाच्या कडेला, बारीक पांढऱ्या फुलांचे हे रोप पावसाळ्यात मुबलक उगवते आणि पान चुरडले की बोटे काळी होतात. एक भाग कल्क, चार भाग तिळाचे तेल आणि सोळा भाग माक्याचा रस या प्रमाणात मंद आचेवर ते शिजते. कल्काची बोटांनी वात वळता आली, ती विस्तवावर धरल्यास तडतडली नाही, आणि तेलावर फेस आला, म्हणजे पाक झाला. घाईने उतरविले तर पाण्याचा अंश राहून ते खवट होते. हे काम करणाऱ्या आमच्या मावशी अंगठी काढून ठेवून दिवसभर कढईजवळ बसतात. नाकात अणुतेलाचे थेंब सोडण्याचे नस्यकर्म वैद्यांच्या देखरेखीखाली होते. ताप, सर्दी असताना ते करीत नाहीत.

माक्याने केस वाढतात का? मध्य प्रदेशातील सागर येथील विद्यापीठात माक्याच्या अर्कावर झालेले एक संशोधन २००८ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यात केसांची वाढ लवकर सुरू झाल्याचे आढळले. पण ते उंदरांवर होते. उंदीर आणि आपण यांच्यात जो फरक आहे, तो आमच्या वैद्यांनी रुग्णांना सांगण्यात संकोच मानलेला नाही.

इंद्रलुप्ताविषयी, म्हणजे आपण ज्याला चाई म्हणतो तिच्याविषयी, विशेष विनंती. केस खाणारा किडा लागला असे समजून गुंजेचे बी किंवा जमालगोटा उगाळून त्या जागी रगडण्याची प्रथा अजून खेड्यांत आहे. ग्रंथात गुंजेचा लेप आहे हे खरे, पण तो बी शुद्ध करून आणि मात्रा पाहून वैद्याने द्यावयाचा. कच्ची गुंज जहाल विष आहे. भाजलेल्या टाळूची मुले आमच्याकडे आली आहेत, आणि भाजून व्रण झाला की तेथे केस कायमचे जातात. चाईत किडा नसतो. शरीराची संरक्षक यंत्रणाच चुकून स्वतःच्या केसांच्या मुळांवर उठते. लहान चट्टे पुष्कळदा वर्षभरात आपोआप भरतात. भरले नाहीत, वाढले, तर तज्ज्ञाकडे यावे. कांद्याच्या रसाविषयी विचारणारे फार असतात, म्हणून सांगतो. २००२ मध्ये इराकमधील डॉक्टरांनी त्याचा चाईवर छोटा प्रयोग करून चांगला परिणाम नोंदविला होता. रुग्णांची संख्या अगदी थोडी होती. घरात कांदा आहे आणि कातडी सोसते, तर वैद्यांची हरकत नसते. शेजारच्यांची असू शकते.

आता जे सांगणार आहोत त्याचा संबंध आमच्या प्रांताशी, म्हणजे पैशाशी आहे. परंडा भागातून एक माता आपल्या बावीस वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलीचे स्थळ पाहणे सुरू होते. एका शहरातील केंद्राने सहा महिन्यांत खात्रीने केस, असे सांगून आगाऊ रक्कम भरून घेतली होती, आणि त्यासाठी आईने कानातली फुले मोडली होती. केस आले नाहीत. तिला आमच्याकडून औषध नको होते. पावती वाचून पैसे परत मिळतील का, एवढेच पाहून हवे होते. आम्ही पावती वाचली. मागील बाजूस बारीक अक्षरात परतावा मिळणार नाही, असे छापलेले होते. वैद्यांनी मुलीची मान पाहिली, रक्त तपासले. थायरॉइडचे कार्य मंद निघाले. ती गोळी फार महाग नसते.

औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांच्या अनुसूची 'जे'मध्ये, ज्या व्याधी बऱ्या करण्याचा दावा औषधाने करू नये अशांची यादी आहे. त्या यादीत टक्कल आहे आणि नवीन केस उगवणेही आहे. ही यादी आम्ही त्या मातेला परत पाठविल्यानंतर वाचली, आणि वाचून झाल्यावर आमच्याच औषध विक्री कक्षाकडे गेलो. तेथे एका केशतेलाचे मोठे रंगीत चित्र लावलेले होते. आधी आणि नंतर. ते तेल आम्हीच ठेवले होते, त्यावर मिळणारी सूट चांगली होती, आणि मागील अहवालात औषध विक्रीचे उत्पन्न वाढल्याबद्दल आपण आम्हांस शाबासकी दिली होती. ते चित्र त्याच दिवशी काढले, तेलाची मागणी बंद केली. या वर्षीच्या जमाखर्चात औषध विक्रीच्या बाजूला जी घट दिसते, तिचे एक कारण हे आहे. कोषाध्यक्षांनी विचारले होते, म्हणून सर्वांसमक्ष नमूद करतो.

बिनछापील पुड्या व बिलाशिवाय मिळणाऱ्या गोळ्यांविषयीही सावध राहावे. २००८ मध्ये अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक औषधांपैकी सुमारे एक पंचमांश औषधांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले होते. त्यातील काही तेथे बनलेली होती, काही आपल्याकडे. अशा बातमीने शास्त्राला कमीपणा येतो असे काहींना वाटते. आमच्या वैद्यांना ती भिंतीवर लावाविशी वाटली, आणि ती लावलेली आहे.

देणगीदारांस एक नम्र विनंती. तेलासाठी देणगी देऊ इच्छिणारे आम्हांस दरवर्षी भेटतात आणि त्यांचे आम्ही ऋणी आहोत. यंदा ती रक्कम रक्ततपासणीच्या निधीत द्यावी. माका ओढ्याकाठी फुकट मिळतो, तपासणीची रसायने मिळत नाहीत. कर्करोगाच्या औषधांनी केस गेलेल्या भगिनींसाठी सुती रुमाल व टोप्या शिवून देणाऱ्या बचत गटाचेही येथे आभार मानतो. ते केस औषध थांबल्यावर बहुधा परत येतात, पण मधले महिने आरशासमोर काढायचे असतात.

उपस्थित नातेवाईकांसाठी शेवटची सूचना. केसांच्या तक्रारीसाठी येताना सध्या लावत असलेल्या तेलाची बाटली व पोटात घेत असलेली प्रत्येक गोळी, पुडी बरोबर आणावी. मागील सहा महिन्यांतील ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया यांचे कागद आणावेत. घरात एकाहून अधिक जणांचे केस एकाच सुमारास गळू लागले असतील तर वाट न पाहता त्याच दिवशी यावे, आणि येताना घरातील गव्हाचे मूठभर दाणे व पिण्याच्या पाण्याची बाटलीही आणावी.